उद्या किती पानं?

पुण्यात "माझ्याकडे एक आयडिया आहे" असं म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात "ओळखीत कुणी कोडिंगवाला आहे का?" असं विचारतो. कोडिंगवाले या गावात पैशाला पासरी. सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्या कुठल्याही बसमध्ये डोकावलं तरी गळ्यात ओळखपत्र अडकवलेले वीसेक दिसतील. पण ते दुसऱ्याची आयडिया करून देत नाहीत, कारण प्रत्येकाकडे स्वतःची एक असतेच. मीही हाच प्रश्न घेऊन भाचीकडे गेले. ती खराडीला एका कंपनीत आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाली, "मावशी, तू जन्मभर लोकांचे हिशेब लिहिलेस. हाही हिशेबच आहे. शीक आणि तूच लिही."

मला ही सरळसरळ टाळाटाळ वाटली. आजही वाटते. पण मग एका कंपनीनं याच कामाचं सहा आकडी कोटेशन पाठवलं आणि टाळाटाळीत एकदम शहाणपण दिसायला लागलं.

आयडिया सांगते. आम्ही नारायण पेठेत राहतो. वाडा पाडून झालेल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एका काकूंची खानावळ आहे. जेवायला येणारी मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षावाली. बीडची, लातूरची, यवतमाळची, नंदुरबारची. कॉट बेसिसवर राहायचं, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, दोन वेळा काकूंकडे जेवायचं. काही जण बसून जेवतात, काहींचा डबा जातो. महिन्याचे ३,६०० रुपये, आगाऊ. रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री बंद. आणि जो जेवणार नाही त्याचा खाडा.

काकूंची खाड्यांची वही लांब, दोनशे पानी. एका पानावर एक मुलगा. वर नाव, गाव, मोबाइल. खाली तारखा आणि तारखांखाली दोन ओळी, 'स' आणि 'रा'. जेवला की टिंब, खाडा असला की फुली, उपासाचं ताट घेतलं की टिंबाभोवती गोल. पैसे पूर्ण मिळाले की नावाखाली रेघ; थोडे राहिले असतील तर रेघ तुटक. वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली, पेन नाही, कारण खाडा सांगून रात्री जेवायला हजर होणारे महाभाग असतातच.

या वहीवरून महिन्यातून एकदा तरी आवाज चढायचे. "काकू, मी सांगून गेलो होतो." "कुणाला सांगितलंस?" "वाढायला होते त्या दादांना." दादा तेव्हा नेमके गावी. मी वरच्या गॅलरीतून हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे फोनवर का नाही? मुलानं बटण दाबावं, खाडा पडावा, महिनाअखेरीस हिशेब आपोआप निघावा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शनिवार पेठ, गल्लीगणिक खानावळी. प्रत्येकीनं महिन्याला तीनशे रुपये दिले तरी... हा गुणाकार प्रत्येक आयडियावाला करतो. अकाउंट्समधल्या माणसाला तर तो तोंडीच येतो.

शिकायचं कुठून, हा प्रश्न हल्ली उरलेला नाही. उलट इतकं फुकट मिळतं की निवडतानाच दमछाक होते. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स फुकट, फ्रीकोडकॅम्प फुकट, आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल ऐकायला फुकट. मला सगळ्यात जवळचं वाटलं ते आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहा-दहा मिनिटांचे धडे आणि त्यातले बरेच मराठीत. 'लूप' ही काय भानगड आहे ते मराठी आवाजात ऐकलं की निम्मी भीती जाते. पुढे इंग्रजी वाचावंच लागतं, त्याला इलाज नाही, पण तोवर आपण दारातून आत आलेलो असतो.

पुस्तकासाठी सवयीनं अप्पा बळवंत चौक गाठला. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पुस्तकं स्वस्तात सापडतात. फक्त घेण्याआधी आत उघडून एक गोष्ट पाहावी: 'प्रिंट' या शब्दापुढे कंस आहे की नाही. नसेल तर ते पुस्तक पायथन २ चं. त्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली आणि त्यातली पहिलीच ओळ आजचा पायथन एरर देऊन परत करतो. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नसतं. तो जाडी बघून भाव सांगतो.

पायथनच का, असं मला अनेकांनी विचारलं. ती वाचायला सोपी आहे, हे खरं कारण. एक भावनिक कारणही आहे. गिडो व्हॅन रॉसमनं पायथन जगापुढे ठेवली १९९१ मध्ये. त्याच वर्षी आमच्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० तयार केला. मी तेव्हा शाळेत होते आणि 'महासंगणक' हा शब्द बाईंनी सामान्यज्ञानाच्या वहीत लिहून घ्यायला लावला होता. त्याचा अर्थ वर्गात कुणालाच कळला नव्हता, बहुधा बाईंनाही नाही, पण गावाचं नाव पेपरात आल्याचा आनंद सगळ्यांना होता.

पायथनवर वेबसाइट बांधायला जँगो नावाची एक तयार चौकट मिळते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांनी ती बांधली आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुली केली. बातमी वेळेत लागलीच पाहिजे, अशा घाईच्या जागी जन्मल्यामुळे असेल, तिच्यात नोंदी भरायचे स्क्रीन आयते मिळतात. तुम्ही फक्त सांगायचं की माझ्याकडे 'मुलगा' आहे, त्याला नाव आहे, मोबाइल आहे; भरायचा फॉर्म ती स्वतः उभा करते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे ओळखीचं वाटलं. रंगीत बटणं वगैरे नंतर. आधी व्हाउचर एंट्री.

इथवर सगळे धडे हात धरून नेतात. कामांची यादी बनवा, ब्लॉग बनवा, पुस्तकांचं दुकान बनवा. घोडं अडलं ते स्वतःचा पहिला टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, लिहायला बसले तेव्हा. टेबलाचं नाव होतं 'महिना'. त्यात लिहायचं काय?

"काकू, तुमचा महिना किती दिवसांचा?"

"तीस."

"फेब्रुवारीत?"

"तीसच."

"आणि एकतीस जानेवारीला आलेल्या मुलाचा?"

काकू लसूण सोलत होत्या. "अगं, तीस दिवस मोज की. कॅलेंडर कशाला बघतेस?"

हे उत्तर किती मोलाचं होतं ते मला रात्री कळलं. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर कोणती तारीख येते, यावर संगणकाच्या जगात एकमत नाही. कुणी फेब्रुवारीच्या शेवटावर थांबतं, कुणी मार्चमध्ये उडी मारतं. पायथनच्या मूळ तारखेत तर दिवस मिळवता येतात, आठवडे मिळवता येतात, महिना मिळवायची सोयच नाही. काकूंचा नियम तिच्यात अलगद बसला.

मग खाड्याचा भाव. तीस दिवसांची साठ जेवणं, त्यातून रविवारच्या चार रात्री वजा, राहिली छप्पन्न. ३,६०० भागिले ५६, चौसष्ट रुपये अठ्ठावीस पैसे आणि वर न संपणारं शेपूट. मी मोठ्या हुशारीनं हा आकडा काकूंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "मी चाळीस कापते."

"चाळीसच का?"

"तो जेवला नाही म्हणून माझा गॅस विझतो का? पोळ्यांच्या बाई कमी पगारावर येतात का? जागेचं भाडं, वाढणारे दादा, लाइटबिल, सगळं तसंच. वाचतं काय, तर मूठभर तांदूळ, डाळ, भाजी. त्याचे चाळीस. मागच्या वर्षी पस्तीस होते, तेल महागलं."

बीकॉमला स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा धडा आम्हाला होता. त्यावर मी मार्कही मिळवले होते. पण खाडा घेणाऱ्या मुलाला पूर्ण पैसे परत केले तर महिन्यात पंधरा मुलं गावी गेल्यावर खानावळ तोट्यात जाते, हे इतक्या स्वच्छपणे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातल्या ॲपनं मुलांना चौसष्ट रुपये परत दिले असते आणि काकूंनी पहिल्याच महिन्यात मला इमारतीतून हाकललं असतं.

आणि मग नियमांची रांगच लागली. एका जेवणाचा खाडा नाही, सलग तीन दिवस हवेत. पण मुलगा आजारी असला तर एकाचाही धरायचा. आजारी आहे हे कोण ठरवणार? काकू. त्याला खोलीवर मऊ भात पाठवला तर? मग ते ताटच, खाडा नाही. आषाढी आणि महाशिवरात्रीला सरसकट उपासाचं, ज्याला साबुदाणा सोसत नाही त्याला वरी. एकट्या रविवारच्या दुपारचा खाडा मिळणार नाही, कारण फीस्टचं सामान शनिवारीच येतं. दिवाळीत खानावळ बंद असते तो मुलांचा खाडा नव्हे, काकूंचा. तेवढे दिवस प्रत्येकाचा महिना पुढे सरकतो. विसर्जनाच्या दिवशी डबेवाल्या दादांना लक्ष्मी रस्ता ओलांडून सदाशिव पेठेत जाता येत नाही, तेव्हा तिकडच्या मुलांनी मिरवणुकीतून वाट काढत यायचं आणि बसून जेवायचं. नाही आले तर?

"तो अर्धा धर."

"अर्धा खाडा?"

"मग काय! चूक त्याची नाही, माझीही नाही."

माझ्या टेबलात खाडा 'आहे' किंवा 'नाही' असा दोनच किमतींचा होता. त्या दिवशी तो आकडा झाला.

परीक्षा पुढे गेली की वेगळाच गोंधळ. २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, त्या आठवड्याचं पान काकूंनी मला दाखवलं. परीक्षा देऊन गावी जायचं म्हणून आधीच घातलेल्या फुल्या, मग त्या खोडून टिंबं, मग पुन्हा फुल्या. कागद एका जागी पार झिजलाय. असं पान नुसतं पाहिलं तरी एक गोष्ट लक्षात येते: खाडा मागे घेता आला पाहिजे आणि मागे घेतलेला दिसलाही पाहिजे.

इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. शिकवणीच्या धड्यांमध्ये ग्राहकापुढे 'शिल्लक' नावाचा एक रकाना असतो आणि पैसे आले-गेले की तोच आकडा बदलतात. अकाउंट्समध्ये जरा वर्षं काढलेल्या कुणालाही हे बघवणार नाही. शिल्लक साठवायची नसते, नोंदी साठवायच्या असतात. शिल्लक त्यांच्या बेरजेतून निघते. चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्याविरुद्ध उलटी नोंद टाकायची असते. मी एकच टेबल केला आणि त्यात चार प्रकारच्या नोंदी: जमा, जेवण, खाडा, सूट. दुरुस्ती म्हणजे त्याच प्रकारची उणे नोंद. भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, मोठमोठ्या कंपन्यांत हे पटवायला मीटिंगा घ्याव्या लागतात. मला बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

'सूट' हा प्रकार काकूंमुळे आला. वहीत काही पानांवर फुल्या नाहीत, टिंबं आहेत, नावाखाली रेघही आहे, पण पैसे कुठेच जुळत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तिचे वडील गेले होते त्या महिन्यात." दुसऱ्या एका पानाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. भाचीचं म्हणणं, सूट दिली तर कारणाचा रकाना सक्तीचा ठेव. मी रकाना ठेवला, सक्ती काढली. तो बहुतेक वेळा रिकामाच असतो. माझ्या सीए साहेबांना हे चालणार नाही, पण खानावळ त्यांची नाही.

पैशांचं आणखी एक सांगायला हवं, कारण धंद्याचं काहीही लिहिणाऱ्याला ते पहिल्या दिवशीच भेटतं. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा. ती ०.३ म्हणत नाही, ०.३०००००००००००००००४ म्हणते. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमधली भाषाही तेच म्हणते. यात बिघाड काहीच नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश पूर्ण लिहिता येत नाही, तीनावर तीन येतच राहतात. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांशाची तीच गत. म्हणून पैसे अपूर्णांकात साठवायचेच नाहीत. चाळीस रुपये म्हणजे ४,००० पैसे, पूर्णांक. रुपये फक्त दाखवताना करायचे. पाच पैशांचं नाणं केव्हाच गेलं, पण संगणकात अजून एकेक पैसा मोजला जातोय याची मला गंमत वाटते.

मराठीच्या काही खुब्या आपल्यालाच सांभाळाव्या लागतात. मुलं फोनवर मराठी कीबोर्डवरून लिहितात, "दि. १५ ते १८ खाडा". पायथनला देवनागरी '१५' दिलं तर ती मुकाट्यानं पंधरा समजते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट समजत नाही. तिच्या मते हा आकडाच नव्हे. एकाच फॉर्मचं एक टोक मराठी जाणतं, दुसरं जाणत नाही. तरी आपली पिढी सुखात आहे. सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारं युनिकोड आता सगळीकडे चालतं आणि त्यातली देवनागरीची मांडणी 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे. ही सोय होण्याआधी जे जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालं त्याचे हाल विचारू नका. काकूंनी पूर्वी मेनूकार्ड डीटीपी करून घेतलं होतं. त्याची फाइल उघडली तर 'भरली वांगी'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. सगळा मेनू पुन्हा टाइप केला.

वेळेचंही तसंच. नियम असा की उद्याचा खाडा आज रात्री आठपर्यंत कळवायचा. अभ्यासिकेत रात्रभर बसणारी मुलं तो रात्री दोनला टाकतात. सर्व्हर वेळ ठेवतो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मंगळवारी पहाटे दोनला आलेला निरोप सर्व्हरच्या लेखी सोमवारचा, रात्री साडेआठचा. तारीख काढण्याआधी वेळ भारतीय करून घेतली नाही तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं आदल्या दिवसात जमा होतं आणि 'उद्या'चा अर्थ सरकतो. दिवसा काम करणाऱ्यांच्या धंद्यात हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या खानावळीत पहिल्याच रात्री येतं.

आता कुणीही म्हणेल, एआय असताना एवढी डोकेफोड कशाला? मी एआय वापरते, भरपूर वापरते. एरर आली की आधी त्यालाच दाखवते, तो न कंटाळता समजावतो. भाचीचा फोन आता क्वचित जातो आणि ती सुटली. पण 'खानावळीच्या खाड्याचे पैसे मोजून दे' असं सांगितलं की तो क्षणात लिहून देतो: तीस दिवस, साठ जेवणं, एका जेवणाचे साठ रुपये परत. नीटनेटकं, टिपांसकट आणि काकूंना बुडवणारं. रविवारची रात्र त्याला ठाऊक नाही. चाळीस ठाऊक नाहीत. विसर्जनाचा अर्धा तर जगात कुणालाच ठाऊक नाही. हे त्याला सांगायचं तर आधी मला कळायला हवं होतं, आणि मला ते कळलं लसूण सोलायला बसल्यावर. कोड वाचता येत असल्यामुळे त्याच्या लिखाणात साठ दिसले की मी थांबवू शकते. वाचता आलंच नसतं तर नेमकं काय विकतेय हे मलाच माहीत नसतं.

धंद्याची बाजू कोडपेक्षा जास्त चिवट निघाली. मला वाटायचं, मेसेज पाठवणं म्हणजे दोन ओळी. पण व्यवसायाच्या नावानं एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदणी करावी लागते. स्वतःची, पाठवणाऱ्या नावाची आणि मेसेजच्या मजकुराचीसुद्धा. 'तुमचा महिना परवा संपतो' हे वाक्य आधी मंजूर व्हावं लागतं. मुलांची नावं, नंबर, गावं आपल्याकडे साठतात म्हटल्यावर २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदाही वाचून काढला. कुठल्याही धड्यात हे नव्हतं.

पैसे घेणं मात्र अनपेक्षित सोपं. दुकानादुकानांत चिकटवलेला तो यूपीआयचा क्यूआर म्हणजे आत एक साधी ओळ असते: ज्याला द्यायचे त्याचा यूपीआय पत्ता, त्याचं नाव, रक्कम, टीप. बस्स. ती ओळ कुणीही तयार करू शकतं. प्रत्येक मुलाला त्याच्या बाकीच्या नेमक्या आकड्याचा क्यूआर दाखवणं हे माझ्या कोडात मोजक्या ओळींचं काम निघालं. अडचण पुढची: पैसे थेट काकूंच्या खात्यात जातात आणि माझ्या कोडला कुणी कळवत नाही. कळवणारा हवा तर पेमेंट गेटवे घ्यायचा आणि त्याचे पैसे मोजायचे. काकूंनी गेटवे उडवून लावला. त्यांच्याकडे आवाजी डबी आहे, ती मराठीत पैसे मिळाल्याचं ओरडते. ती ओरडली की काकू फोनवर मुलाच्या नावापुढे 'मिळाले' दाबतात. माझ्या कोडपेक्षा त्यांचा त्या डबीवर विश्वास जास्त आहे आणि त्यात वावगं काही नाही.

आणि तीनशे रुपयांचा गुणाकार? तो कागदावरच राहिला. पेठांमधल्या बऱ्याच खानावळींना मी तोंडदेखलं नव्हे, बसून दाखवलं. खाड्यांचा हिशेब आपोआप होतो यात मालकांना रस नव्हता. का असेल? हिशेब नीट झाला तर त्यांच्या खिशातून जास्त जातं. एका गृहस्थांनी हसत हसत सांगितलं, "ताई, मुलं खाडे सांगायला विसरतात त्यावरच आमचा नफा आहे." मुलांना ॲप आवडलं, पण मुलं पैसे देणार नव्हती. म्हणजे ज्याला हवंय तो देत नाही आणि जो देऊ शकतो त्याला नकोय. आयडियांच्या मरणाचं हे नेहमीचं ठिकाण.

ती वाचली काकूंमुळेच, आणि तेही त्यांनी काही सुचवलं म्हणून नाही. मी चाचणीसाठी एक पान केलं होतं, उद्याच्या नोंदी मोजणारं. सजावट शून्य, तीन आकडे: सकाळ ४१, रात्र ३७, उपास ६. नोंदी बरोबर पडताहेत ना, हे माझं मला बघायला. काकूंनी ते बघितलं आणि बाकी सगळं सोडून दिलं. रोज रात्री आठ वाजून गेले की त्या तेवढंच पान उघडतात. उद्या किती पानं, म्हणजे किती जण जेवायला, हे आजवर त्या अंदाजानं ठरवायच्या आणि अंदाज चुकीचा निघण्याची भीती म्हणून चार पानांची कणीक जास्त. दादांना ओरडून विचारायचं, वही चाळायची, दोघा-तिघांना फोन करायचे. हे सगळं त्या तीन आकड्यांनी संपवलं. मालकाला खाड्याचे पैसे मोजायचे नव्हते, त्याला उद्याची कणीक मोजायची होती.

मग मी तेच विकायला घेतलं. मुलांचं ॲप तसंच ठेवलं, कारण आकडे तिथूनच येतात, पण मालकाशी बोलताना खाडा हा शब्दच काढत नाही. "उद्या किती पानं, रात्री आठ वाजून एक मिनिटांनी फोनवर" एवढंच सांगते. सध्या तीन खानावळी महिन्याला दोनशे रुपये देतात. भाचीच्या पगारापुढे हा आकडा काढू नये. सर्व्हर आणि डोमेनचा खर्च निघतो, वर थोडे उरतात, आणि सीए साहेबांकडची नोकरी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही इतक्यात. नोकरी सोडून आयडियामागे लागण्याच्या गोष्टी ऐकायला छान असतात. आमच्या घरी कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो.

काकूंची पुढची मागणी आली आहे. पानं कळली, पण एक मुलगा सहा पोळ्या खातो आणि एक मुलगी दोन. नुसत्या पानांवरून कणीक कशी ठरवायची? मी म्हटलं, सोपं आहे, प्रत्येकाच्या नावापुढे पोळ्या लिहू, महिन्याभरात सरासरी निघेल. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लॅपटॉप मिटला. "जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजायच्या नसतात."

त्यावर दोन दिवस विचार केला, भाचीलाही विचारलं. ती म्हणाली, "प्रत्येकाच्या कशाला हव्यात? एकूण पुरे." खरंच होतं. किती किलो कणीक मळली आणि रात्री किती पोळ्या उरल्या, एवढ्या दोनच नोंदी रोज घेतल्या तरी काम भागतं. उरलेल्या मोजायला काकूंची हरकत नाही. त्या तशाही मोजतातच, सकाळी फोडणीच्या पोळीचा अंदाज घ्यायला. टेबल लिहून झालाय. उद्यापासून पोळ्यांच्या बाई आकडा सांगणार आहेत आणि त्या फोन वापरत नाहीत, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक वही टांगली आहे. पेन्सिल काकूंनी बांधली.